‘अडॅप्टिव्ह’ स्कीइंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न मुलुंडहून आला आहे. मिलान-कोर्तिनाच्या २०२६ च्या हिवाळी पॅरालिम्पिकमुळे एका संस्थेला बर्फावरच्या खेळांचं मराठी माहितीपत्रक हवं आहे, आणि ‘अडॅप्टिव्ह विंटर स्पोर्ट्स’पाशी विचारणाऱ्या ताईंची गाडी अडली आहे. यंत्रानं ‘दिव्यांगांसाठी अनुकूली हिवाळी क्रीडा’ असं काढून दिलं. शब्द सगळे शुद्ध, पण वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, ही त्यांची तक्रार.

तक्रार रास्त आहे. ‘हिवाळी क्रीडास्पर्धा’ म्हटलं की मुंबईच्या माणसाला शाळेचं मैदान, खो-खो आणि लंगडी आठवते. नुसतं ‘हिवाळी’ म्हटलं तर नागपूरचं अधिवेशन. ‘हिवाळी ऑलिम्पिक’, ‘हिवाळी पॅरालिम्पिक’ ही नावं वर्तमानपत्रांनी रुळवली आहेत, ती तशीच ठेवा. एरवी ‘बर्फावरचे खेळ’ म्हणा. स्कीइंगचा भुसभुशीत बर्फ आणि हॉकी-कर्लिंगचा लादीसारखा टणक बर्फ यांना इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे दोन्ही बर्फच, त्यामुळे एका शब्दात काम भागतं.

‘अनुकूली’ची अडचण वेगळी आहे. अनुकूलन हा शब्द आपण शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलो, उंटाचे पाय आणि निवडुंगाचे काटे यांच्या सोबतीनं. तिथे वाळवंट आहे तसंच राहतं आणि बदलावं लागतं ते जिवाला. अडॅप्टिव्ह स्कीइंगमध्ये बरोबर उलटं होतं. माणूस आहे तसाच राहतो आणि स्की, आसन, काठ्या, शिकवण्याची रीत हे सगळं त्याच्या शरीराप्रमाणे बदलतं. मराठीत याला नेमकं क्रियापद आहे, बेतणे. शिंपी अंगाच्या मापानं कापड बेततो, तसं. फक्त डोंगरउतारावरून सुसाट जाण्याच्या खेळाला ‘बेतलेलं स्कीइंग’ म्हणू नका. जिवावर बेतण्याची आठवण आधी येईल! ‘अंगाच्या मापानं बेतलेली साधनं’ मात्र बिनघोर लिहा.

मग खेळाचं नाव काय ठेवायचं? ‘पॅरा’ आपल्याकडे चांगलाच मुरला आहे. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं तेव्हा हा शब्द इथे कुणाच्या तोंडी नव्हता. आज ‘पॅरा खेळाडू’ म्हटल्यावर कुणी अर्थ विचारत नाही. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीनंही २०१६ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या खेळांच्या नावांना ‘पॅरा’ जोडलं आणि ‘आइस स्लेज हॉकी’ची ‘पॅरा आइस हॉकी’ झाली. पण पॅरा म्हटलं की स्पर्धा, वर्गवारी, पदकं आली. अडॅप्टिव्ह यापेक्षा ऐसपैस आहे. सुट्टीत घरच्यांबरोबर गंमत म्हणून बर्फावर उतरणाराही त्यात बसतो. म्हणून स्पर्धेविषयी लिहिताना ‘पॅरा स्कीइंग’ म्हणा, आणि एरवी ‘अडॅप्टिव्ह’ एकदा देवनागरीत लिहून अर्थ सांगून टाका. दर वेळी प्रतिशब्द पाडलाच पाहिजे असं नाही.

खरी मजा साधनांच्या नावांत आहे. बसून चालवायच्या सिट-स्कीला ‘आसनयुक्त स्की’ वगैरे म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ज्या शहरात बैठी चाळ आहे तिथे ‘बैठी स्की’ समजावून सांगावी लागणार नाही. कंबरेपर्यंत घट्ट बसेल असं खोलगट आसन, त्याखाली धक्के झेलणारी स्प्रिंग आणि तिच्याखाली एकच स्की असेल तर ती मोनो-स्की. खाली दोन स्की असल्या की बाय-स्की. ती जास्त स्थिर असते आणि गरज पडल्यास शिक्षक मागून पट्ट्यानं धरून ठेवतो. एक पथ्य पाळा: ‘बैठी स्की’ चालेल, ‘बैठे खेळ’ नको. बैठे खेळ म्हणजे कॅरम आणि बुद्धिबळ. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं उतरणाऱ्याला तो अपमान वाटेल.

मोनो-स्कीवरच्या स्कीपटूच्या दोन्ही हातांत आउटरिगर असतात. कोपराखाली आधार देणारी कुबडी, आणि तिच्या टोकाला बिजागरीवर बसवलेली वीतभर-हातभर लांबीची छोटी स्की. दोरी ओढली की ही स्की उभी होते आणि चालायला कुबडीसारखी वापरता येते. आडवी केली की तोल सांभाळते, वळायला मदत करते. एका पायावर उभं राहून स्कीइंग करणाराही हीच जोडी घेतो. बर्फावर तीन रेघा उमटतात म्हणून त्या प्रकाराचं इंग्रजी नाव ‘थ्री-ट्रॅक’. त्याला ‘तीनरेघी’ म्हणून टाका.

आउटरिगरला ‘स्की-कुबडी’ सुचतं, आणि वस्तू म्हणून ते खोटंही नाही. पण ‘सत्तेच्या कुबड्या’ म्हणणाऱ्या भाषेत कुबडीला परावलंबनाचा वास आहे. आउटरिगर हा शब्द मुळात होडीचा, आणि होडीचा शब्द आपल्या किनाऱ्याकडे तयार आहे: उलांडी. छोटी होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेला ओंडका म्हणजे उलांडी. इंग्रजीनं होडीचा शब्द स्कीला दिला, तर आपण का देऊ नये? घाटावरच्या वाचकाला अर्ध्या ओळीत अर्थ सांगावा लागेल, पण सांगण्यासारखा शब्द आहे. माझं मत उलांडीला.

दृष्टिहीन स्कीपटूच्या पुढे गाइड असतो. हेडसेटमधून ‘डावं’, ‘उजवं’, ‘उतार’ असं सांगत तो आधी जातो, आणि पदक मिळालं तर त्यालाही मिळतं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा ‘वाटाड्या’ इथे नेमका बसतो. ‘मार्गदर्शक’ म्हटलं की दहावीची गाइडं आठवतात. बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोडखेळात, नेम धरताना मात्र दृष्टिहीन खेळाडू कानानं नेम धरतो: बंदूक लक्ष्याच्या मध्याकडे सरकेल तसा हेडफोनमधला सूर चढत जातो. लोकलच्या फलाटावर राखीव डब्याची जागा सांगणारा बीप ऐकलेल्या माणसाला हे चटकन कळेल.

राहिला ‘दिव्यांग’. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या मराठी रूपात आणि सरकारी कागदांत तोच आहे, लोकलच्या डब्यावरही ‘दिव्यांगजन’ आहे, तरी गर्दीतला माणूस अजून ‘हँडिकॅपचा डबा’च म्हणतो. शरीरात दिव्य काही नाही, रॅम्प द्या, असं म्हणणारे अपंग मित्र माझ्या ओळखीचे आहेत. आणि हाच शब्द आवडीनं लावणारेही आहेत. संस्थेतल्या खेळाडूंनाच विचारा आणि ते सांगतील तो शब्द घ्या.

पत्रकाचं पहिलं वाक्य असं करता येईल: ‘अपंग व्यक्तींसाठी अडॅप्टिव्ह स्कीइंग, म्हणजे ज्याच्या-त्याच्या अंगाच्या मापानं बेतलेल्या साधनांवर बर्फात उतरणं.’ खेळाडूंनी ‘दिव्यांग’ म्हटलं तर पहिला शब्द तेवढा बदला. आणि स्की स्त्रीलिंगीच ठेवा: एक बैठी स्की, दोन बैठ्या स्की.