ग्रॅनाइटची धूळ, रुमाल आणि गूळ

प्रश्न : ताई, माझे मिस्टर नागपुरात घरोघरी जाऊन किचन ओट्याचा ग्रॅनाइट कापतात, 11 वर्षं झाली. घरी येतात तेव्हा भुवया-पापण्या पांढऱ्या. तोंडाला फक्त रुमाल. दोन महिन्यांपासून कोरडा खोकला सुरू आहे, जिना चढला की दम लागून राहिला. विचारलं तर म्हणतात, "गूळ खाल्ला की धूळ निघून जाते." खरंच जाते का हो?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : नाही हो. गूळ जातो पोटात अन् धूळ जाते फुप्फुसात, दोघांची भेटच होत नाही. भुवयांवर दिसते ती जाड धूळ, ती नाकात अडकते, शिंकेने निघते. खरा त्रास डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक सिलिकाचा (दगडातलं खनिज), ती रुमालातून आरामात आत जाते, तिथे हळूहळू व्रण पडतात अन् सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, म्हणून सांगते, आधी खोकल्याचं बघा. मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा छातीच्या डॉक्टरकडे जा, एक्सरे आणि फुंकर मारायची टेस्ट करा, आणि "11 वर्षं दगड कापतो" हे आपणहून सांगा. एक्सरेत हे कधीकधी टीबीसारखं दिसतं, वरून सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर होतो, म्हणून थुंकीही तपासून घ्या. बिडी असेल तर बंद.

कामावर मास्कच्याही आधी पाणी. बिसलरीच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून हेल्पर ब्लेडवर धार सोडतो ना, तसं चालतं, धूळ उडायच्या आधीच बसते. पण ग्रायंडर करंटवर चालतो आणि पाणी आलं की शॉकची भीती, त्यामुळे ईएलसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ओलं काम नको! आणि होईल तेवढं कटिंग अंगणात, बंद किचनमध्ये नाही. मास्क एन-95, नाकाला घट्ट. दाढी वाढलेली असेल तर बाजूने हवा शिरते, मग घातला काय न घातला काय. शेवटी झाडूने कोरडं झाडणं, ब्लोअरने कपडे झटकणं, हेही बंद, ओल्या पोछ्याने पुसायचं. कामाचे कपडे वेगळे धुवा, तुम्ही ते झटकता तेव्हा ती धूळ तुमच्याही नाकात जाते.

आजकाल लोक ओट्याला क्वार्ट्झ मागतात, ती शीट कारखान्यात बनवलेली असते, त्यात सिलिका 90 टक्क्यांच्याही वर असू शकते, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तिच्यावर बंदीच घातली. मिस्टर तीही कापत असतील तर कोरडी कापायची नाही म्हणजे नाही, मालक घाई करो की काही करो.

एक राहिलंच, बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? वर्षात 90 दिवस काम दाखवावं लागतं. नसेल तर करून घ्या.