वाचकांचे प्रश्न : खोक्यावरचं नाव आणि आतला प्रोसेसर

कॉलेज-प्रवेशाचे दिवस आहेत, त्यामुळे या वेळी लॅपटॉपच्याच पत्रांची गर्दी झाली. मोबाइलचा एक आणि धोलेऱ्याच्या चिप-कारखान्याचा एक प्रश्नही घेतला आहे.

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले, दोन्हींवर 'रायझन ५' लिहिलं आहे. एकात ७५२०यू, दुसऱ्यात ७५३०यू. दुकानदार म्हणतो, दहाचा फरक आहे, प्रोसेसर एकच समजा. किमतीत मात्र साडेतीन हजारांचा फरक आहे. कुठला घ्यावा?
— एक पालक, दांडिया बाजार

७५३०यू घ्या. हे दोन प्रोसेसर एकच नाहीत.

'रायझन ५' मधल्या ५ वरून कंपनीने तो कोणत्या किमतीच्या गटात बसवला आहे एवढंच कळतं. आत काय आहे ते पुढच्या चार आकड्यांत असतं. एएमडीच्या या मालिकेत पहिला आकडा विक्रीच्या वर्षाचा (७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४), दुसरा गटाचा, तिसरा रचनेच्या पिढीचा आणि चौथा त्या पिढीतल्या वरच्या-खालच्या दर्जाचा. खरेदी करताना तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवायचं. ७५२० मध्ये तिथे २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना. ७५३० मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३, २०२० ची. पहिल्यात चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि ४ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). दुसऱ्यात सहा कोअर आणि १६ एमबी. ब्राउझरमध्ये दोन-चार पानं उघडून दुकानात हा फरक दिसणार नाही. पण मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना किंवा ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन वर्ग एकाच वेळी चालू असताना तो रोज जाणवेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ७५२०यूला फक्त एलपीडीडीआर५ मेमरी चालते आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली येते. ८ जीबीचा घेतला तर चारही वर्षं ८ जीबीवरच काढावी लागतील. ७५३०यूच्या काही लॅपटॉपमध्ये स्लॉट असतो, काहींत नसतो, त्यामुळे दुकानातच तपासा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'फॉर्म फॅक्टर' पुढे काय लिहिलं आहे ते पाहा. 'सोडिम' असेल तर स्लॉटमधली, 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर केलेली. तिथेच सीपीयूवर गेलात की वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि खाली कोअरची संख्या दिसते. खोक्यावरच्या स्टिकरपेक्षा यावर विश्वास ठेवा. सोल्डर केलेली मेमरी असेल तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका.

जुनी रचना नव्या नंबराने का विकतात? कारण स्पर्धा सगळ्यात तीव्र आहे ती स्वस्त लॅपटॉपमध्ये, आणि तिथे नफा सगळ्यात कमी. चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे सगळ्यात प्रगत उत्पादनाच्या जागा मोजक्या आणि महाग. त्या सर्व्हर आणि महागड्या लॅपटॉपच्या चिपना दिल्या जातात. स्वस्त मालासाठी जुनी रचना जुन्या, रुळलेल्या प्रक्रियेवर छापली की भागतं. इंटेलही तेच करते. 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५यू' ही नावं शेजारची वाटतात. पहिल्याच्या आत आधीच्या पिढीची रॅप्टर लेक रचना आहे, दुसऱ्यात मिटिअर लेक. 'अल्ट्रा' हा एक शब्द गाळून बोलणाऱ्या दुकानदाराकडून पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या. यात चोरी नाही, पण ग्राहकाला अंधारात ठेवणं नक्कीच आहे, आणि ते आम्हाला मुळीच पटत नाही.

प्रश्न : दोन वर्षांचा लॅपटॉप, आय५-१२३५यू. सकाळी ठीक चालतो, मे महिन्यात दुपारी मात्र रडत चालतो. दुरुस्तीवाला म्हणतो प्रोसेसर कमकुवत झाला, बोर्ड बदला. खरं आहे का?
— एक वाचक, कारेलीबाग

प्रोसेसर असा हळूहळू कमकुवत होत नाही. बोर्ड बदलू नका, आधी मोजमाप करा.

या प्रोसेसरचा पायाभूत वीजवापर १५ वॅट आहे, पण थोडा वेळ तो ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. तापमान १०० अंशांना पोचलं की तो स्वतःच वेग उतरवतो. आता बडोद्याची दुपार यात घाला. खोली २५ अंशांवर असेल तर चिप आणि हवा यांच्यात ७५ अंशांचा फरक मिळतो. खोली ४२ अंशांवर गेली की उरतो ५८. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे तोच पंखा आता सुमारे ७७ टक्केच काम करू शकतो. थंड खोलीत सतत २० वॅट पेलणारा लॅपटॉप दुपारी साडेपंधराच पेलेल. इतकी घट दोषाशिवायही होते. त्याहून जास्त असेल तर कारण शोधायचं.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वीज दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर 'सेन्सर्स ओन्ली' निवडून उघडा. चार्जर लावून सिनेबेंचची (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची) दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि 'सीपीयू पॅकेज पॉवर' व तापमान हे दोन आकडे पहिल्या आणि दहाव्या मिनिटाला लिहून ठेवा. पॉवर १५ वॅटच्या आसपास आणि तापमान ७०-७५ वर स्थिर असेल तर मर्यादा लॅपटॉप कंपनीनेच घातली आहे. दुरुस्त करण्यासारखं काही नाही, विंडोजमधला पॉवर मोड बदलून पाहा. पॉवर १० वॅटवर आली आणि तापमान तरी ९५ च्या वर, तर जाळीत धूळ बसली आहे किंवा चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे. तिसरी शक्यता लोक हमखास विसरतात. वेग ०.४ गिगाहर्ट्झला अडकून बसला आणि तापमान अगदी कमी असेल, तर बहुतेक वेळा दोष चार्जरचा असतो: कमी वॅटचा किंवा लॅपटॉपला न ओळखता आलेला. दुसरा, त्याच कंपनीचा चार्जर लावून बघा.

सफाई करताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हवा मारताना पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरायची, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, चकचकीत चिप उघडीच असते. म्हणून पेस्टचा पातळ थर पूर्ण चिपवर पसरवा. कोपरा कोरडा राहिला की तेवढा भाग तापतो. स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी घट्ट केली तर चिपचा कोपरा तुटू शकतो.

प्रश्न : मी हिशेबाची कामं करतो. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर चालते असं ऐकतो. पण एआरएमने क्वालकॉमवर खटला भरला होता ना? उद्या हा लॅपटॉप बंद पडेल का?
— एक वाचक, रावपुरा

खटल्याची चिंता सोडा, ड्रायव्हरची, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, करा.

एआरएम स्वतः चिप विकण्यापेक्षा रचना आणि आज्ञासंच (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी) वापरण्याचे परवाने विकते. क्वालकॉमने २०२१ मध्ये नुव्हिया ही कंपनी घेतली आणि तिच्या कामातून या लॅपटॉपमधले ओरायन कोअर तयार केले. नुव्हियाचा परवाना क्वालकॉमला आपोआप मिळत नाही, असं म्हणत एआरएम २०२२ मध्ये कोर्टात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने, या चिप क्वालकॉमच्या स्वतःच्या परवान्यात बसतात, असा निकाल दिला. एका मुद्द्यावर मात्र तिचं एकमत झालं नाही. विकलेल्या लॅपटॉपला याची झळ लागत नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली नेहमीची सॉफ्टवेअर या लॅपटॉपवर अनुवादाच्या थरातून चालतात आणि बहुतेक बरी चालतात. ड्रायव्हरला मात्र तो थर चालत नाही. तो 'एआरएम६४' साठीच लिहिलेला हवा. म्हणून डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर आणि बारकोड यंत्र यांची यादी करा, आणि प्रत्येकाचा एआरएम६४ ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहा. टोकनचा नसेल तर हा लॅपटॉप तुमच्यासाठी नाही. बॅटरीच हवी असेल तर इंटेलचा 'अल्ट्रा २००व्ही' गटातला बघा. त्यात ड्रायव्हरचा प्रश्न येत नाही; मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर १६ किंवा ३२ जीबी असते आणि नंतर वाढत नाही.

प्रश्न : '४० टॉप्स एनपीयू' साठी जास्त पैसे द्यावेत का?
— एक वाचक, मांजलपूर

नाही. एनपीयू म्हणजे प्रोसेसरमधला एआयच्या कामांचा भाग आणि टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' शिक्क्यासाठी ती अट आहे. तेच पैसे मेमरीत घाला.

प्रश्न : जुना फोन घ्यायचा आहे. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८+ जेन १ यांत एका अधिकच्या चिन्हाने काय बिघडतं?
— एक विद्यार्थिनी, फतेहगंज

बरंच. कोअरची मांडणी तीच आहे: एक कॉर्टेक्स-एक्स२, तीन ए७१०, चार ए५१०. कारखाना बदलला. ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर (आकडा लहान तितकी चिपवरची छपाई बारीक) बनली आणि तापण्यासाठी बदनाम झाली. मे २०२२ मध्ये आलेली ८+ जेन १ टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर बनली. मोठा कोअर ३.० वरून ३.२ गिगाहर्ट्झला गेला, तरीही वीज कमी लागते. दोन्हीकडे 'चार नॅनोमीटर' लिहिलेलं असलं तरी वीज सारखी जळत नाही, हे यातून पक्कं ध्यानात घ्या. आमचं मत स्पष्ट आहे, अधिकचं चिन्ह असलेलाच घ्या. विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका. एखादं हार्डवेअर ओळखणारं ॲप टाकून क्रमांक पाहा. एसएम८४५० म्हणजे जेन १, एसएम८४७५ म्हणजे ८+. मग पंधरा मिनिटं ४के व्हिडिओ काढा. त्याआधीच कॅमेरा तापमानाची सूचना देऊन बंद झाला तर फोन परत करा.

प्रश्न : मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. धोलेऱ्याच्या कारखान्यात लॅपटॉपचे प्रोसेसर बनतील का? आम्हाला तिथे वाव आहे का?
— एक विद्यार्थी, कलाभवन

लॅपटॉपचे प्रोसेसर नाहीत. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीच्या ज्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड प्रक्रियांचा आहे; लॅपटॉपच्या प्रोसेसरला याहून बारीक लागते. तिथे बनतील पडदा चालवणाऱ्या चिप, वीज-नियंत्रणाच्या चिप, मायक्रोकंट्रोलर. याला दुय्यम समजू नका. एका लॅपटॉपमध्ये प्रोसेसर एक आणि अशा चिप डझनावारी असतात. साणंदला मायक्रॉनचं काम मेमरीच्या जुळणीचं आणि चाचणीचं आहे.

कारखान्यात प्रक्रिया, यंत्रं आणि उत्पादनातला दोषशोध यांची माणसं लागतील. रचनेचं काम मुख्यतः बंगळूर-हैदराबादला चालतं, आणि त्यात सगळ्यात जास्त हात पडताळणीला, म्हणजे रचना बरोबर चालते का हे तपासायला, लागतात. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी अडत नाही. रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच खुला आहे, परवान्याचे पैसे नाहीत. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. त्याच्या पायाभूत ३२ बिटी संचात फक्त ४० आज्ञा आहेत. व्हेरिलॉग या चिप-रचनेच्या भाषेत तेवढ्या बसवा, व्हेरिलेटर या मोफत सिम्युलेटरवर चालवा आणि प्रत्येक आज्ञेची चाचणी स्वतः लिहा. ऋण संख्यांची तुलना आणि मागे जाणारी उडी, या दोन ठिकाणी पहिली चूक सापडण्याची शक्यता जास्त. मुलाखतीला जाताना चालणारा कोअर न्याच, पण त्याबरोबर या चाचण्यांची वहीही न्या.