‘ऑनलाइनच तर आहे’ म्हणणारं घर आणि नर्सिंगची पदवी

“ताई, कोर्स तर ऑनलाइन आहे. मग मलाच का झेपत नाहीये?”

हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी आलाय. मी इंग्लंडमध्ये समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी बायका बऱ्याच असतात. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, धाकटं शाळेत जायला लागल्यावर ‘आता आपलं काहीतरी’ म्हणून कंबर कसलेल्या. त्यातल्या काही नर्सिंगकडे वळतात. ओपन युनिव्हर्सिटी इथे आधीपासून दूरशिक्षण आणि रुग्णालयातलं प्रशिक्षण यांची सांगड घालून नर्सिंग शिकवत होतीच. २०२१ पासून आणखी काही विद्यापीठांनी ‘ब्लेंडेड लर्निंग’ची पदवी सुरू केली. जाहिरातीत लॅपटॉपसमोर हसणारी बाई असते, शेजारी कॉफीचा मग. तो मग पाहूनच अर्ज भरलेल्याही मला भेटल्या आहेत.

यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माहेर सातारा जिल्ह्यातलं, बी.कॉम., लग्नाआधी एका पतसंस्थेत नोकरी. आता अडतिशीच्या आसपास, दोन मुलं, नवरा घरूनच काम करणारा. पहिल्या वर्षाचे काही महिने झाले होते. दोन असाइनमेंट उशिरा गेल्या होत्या, एक निबंध नापास होऊन परत आला होता. आली तेव्हा निदान स्वतःच करून आली होती: वय झालं, इंग्रजी कच्चं, डोकं चालत नाही. त्याच्या जोडीला दुसरी भीती होती आणि ती तिने खाली मान घालून सांगितली. “घरी लॅपटॉपवर शिकलेली नर्स खरी नर्स असते का हो? उद्या मी कुणाला इंजेक्शन देणार. लोक म्हणतील, ही यूट्यूबवर शिकून आली.”

दुसऱ्या भीतीचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी घेतलं. इथे नर्स म्हणून नाव लागायचं तर एनएमसी, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने मान्यता दिलेलाच अभ्यासक्रम लागतो. कौन्सिलचे नियम वर्गात बसणाऱ्याला आणि घरून शिकणाऱ्याला एकच. एकूण ४६०० तास. त्यातले निम्मे, २३००, अभ्यासाचे. उरलेले २३०० प्रत्यक्ष कामाचे, आणि त्यातले फार तर ६०० तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळे आणि बनावट प्रसंगांवर सराव करून भरता येतात. बाकीचे वॉर्डात, लोकांच्या घरी, जिवंत माणसांसोबतच. औषधांच्या मात्रेच्या गणितात तर शंभरपैकी शंभर लागतात, नव्व्याण्णव म्हणजे नापास. पास झाल्यावर मिळणारा ‘पिन’, म्हणजे नोंदणी क्रमांक, सगळ्यांना सारखाच. कोण वर्गात बसून शिकलं आणि कोण डायनिंग टेबलावर, याची नोंद त्या रजिस्टरमध्ये नसते.

हे सगळं तिला माहीत होतं. प्रवेश घेतानाच वाचलं होतं. पण माहीत असणं आणि पटणं यांत अंतर असतं, म्हणून मी तिला प्लेसमेंटबद्दल, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाबद्दल विचारलं. तर बाई एकदम खुलली! बारा-बारा तासांच्या शिफ्ट, सकाळचा हॅंडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं), पायांची वाट लागते, सगळं भरभर सांगत सुटली. बोलता बोलता एका आजोबांचा विषय निघाला. त्यांच्या श्वासाची नोंद आधीच्या तक्त्यांत सारखी १८ पडत आली होती. हिने व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले, तर २६ भरले. स्टाफ नर्स म्हणाली, परत मोज. परत २६. इथे रुग्णाची तब्येत किती बिघडतेय ते मोजायची ‘न्यूज २’ नावाची गुणांची पद्धत आहे. तीत श्वास पंचविसाला पोचले की त्या एकाच नोंदीचे ३ गुण होतात आणि डॉक्टरला कळवावंच लागतं. तसं कळवलं गेलं. हे सांगून ती लगेच म्हणाली, “पण त्याच आठवड्यातला निबंध मात्र राहिला.”

मी तिला थांबवलं. पूर्ण मिनिट मोजायचं हे ती शिकली कुठे होती? घरी, डायनिंग टेबलावर. मग डोकं चालत नाही, ही तक्रार काही खरी नव्हती. गणिताच्या परीक्षेतही पतसंस्थेतली सवय कामाला आली होती. इंग्रजीचं म्हणाल तर निबंध भाषेमुळे परत आलाच नव्हता. तो ‘रिफ्लेक्टिव्ह’ निबंध होता. त्यात आपण काय केलं, तेव्हा काय वाटलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू, हे ‘मी’ म्हणत लिहायचं असतं. आपल्याकडे शाळेत माहितीपर निबंधात स्वतःला आणायचं नाही असंच शिकवतात, त्यामुळे हिने हात धुण्याचं महत्त्व यावर दोन पानं सुंदर माहिती लिहून दिली होती. हे तंत्र आहे, शिकता येतं. ट्यूटरकडून एक-दोन नमुने मागून घे, एवढंच मी सुचवलं.

राहिला वेळ. इथे मात्र मला शंका आली. रुग्णालयातला एकही तास तिने बुडवला नव्हता. मुलं आजारी असताना, पाऊस असताना, पहाटे साडेपाचला उठून ती गेली होती. बुडत होते ते सगळे घरातले तास. मी तिला एक आठवड्याची वही करायला सांगितली. किती अभ्यास झाला ते लिहायचं नाही. लॅपटॉप उघडल्यावर प्रत्येक वेळी कशासाठी उठावं लागलं, तेवढंच लिहायचं.

वही वाचण्यासारखी होती. पार्सल आलं. वॉशिंग मशीन थांबलं. सासूबाईंची बीपीची गोळी. नवऱ्याला चहा. शाळेतून फोन, पीईचे बूट विसरलेत. सासूबाईंना भारतातला व्हिडिओ कॉल लावून देणं. कोथिंबीर निवडणं (“बसल्या बसल्या होतं ना”). एका लाइव्ह लेक्चरसमोर लिहिलं होतं: कॅमेरा बंद करून पोळ्या.

त्याच घरात, वरच्या मजल्यावर, नवराही लॅपटॉपवरच काम करत होता. त्याचं दार बंद असे. तो मीटिंगमध्ये असला की मुलं जिन्यावर पाय न वाजवता चढत. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईसुद्धा कुकरची शिट्टी व्हायच्या आधी गॅस बारीक करत. वरचं काम म्हणजे ऑफिस आणि खालचं काम म्हणजे ‘ती घरीच आहे’. तिने युनिफॉर्म चढवला की तेच घर तिला बिनबोभाट सोडत होतं. युनिफॉर्म नसलेल्या २३०० तासांना मात्र कुणी कॉलेज मानत नव्हतं. माझ्या मते ब्लेंडेड शिक्षणातला अवघड भाग बहुतेक घरांत हाच असतो, आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्याबद्दल कधी काही लिहिलेलं नसतं.

न मानणाऱ्यांत ती स्वतःही होती. “सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि मी स्क्रीनकडे बघत राहिले तर उद्धटपणा नाही का वाटणार?” असं तिने मला अगदी मनापासून विचारलं.

पुढच्या भेटीला नवराही आला. “मी कधी अडवलंय का हिला?” हे त्याचं पहिलं वाक्य, आणि ते खरं होतं. फी, पुस्तकं, नवा लॅपटॉप, कशालाच त्याने नाही म्हटलं नव्हतं. मी वही त्याच्यापुढे ठेवली. दोन पानं वाचून तो म्हणाला, “हे मला वर ऐकूच येत नाही.” मी म्हटलं, तेच तर. त्यावर तो गप्प बसला. मीही समजूत काढायला गेले नाही.

रंगीत वेळापत्रक फ्रिजवर चिकटवायचा प्रयोग तिने आधीच केला होता आणि तो फसला होता. घरात राहून घराला ‘नाही’ म्हणायचं बळ त्या कागदात कुठून येणार! म्हणून तिने जागाच बदलली. आठवड्यातल्या दोन सकाळी मुलांना शाळेत सोडून थेट गावातल्या लायब्ररीत, डबा घेऊन, शाळा सुटेपर्यंत. संध्याकाळच्या लाइव्ह तासाला वरची खोली तिची, स्वयंपाक त्याचा. सुरुवातीला लागोपाठ खिचडी झाली. मुलं कुरकुरली, सासूबाईंनी “माझ्याच्यानं बघवत नाही” म्हणून एकदा मध्येच कढई हातात घेतली. चालायचंच. सासूबाईंचं मन वळवायला मात्र कुठलंही भाषण लागलं नाही. हिने सरावासाठी त्यांचं बीपी रोज हाताने मोजायला घेतलं. आठवडाभरात सासूबाईच मुलांना दटावू लागल्या, “आईची परीक्षा आहे.”

विद्यापीठाशीही तिने बोलावं, असं मी सांगितलं. आपल्या बायका एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ मागायला लाजतात. मुदत उलटून गेल्यावर रडत मेल लिहितात. पर्सनल ट्यूटरला आधी कळवलं तर मार्ग बहुतेक निघतो.

अशा कोर्सचा विचार करणाऱ्यांना मी आता काही गोष्टी अर्जाआधीच विचारून घ्यायला सांगते. लाइव्ह तास ठरलेल्या वेळी असतात की रेकॉर्डिंग चालतं? हजेरी कशी घेतात? प्लेसमेंट किती लांब पडू शकते, आणि वेळापत्रक किती आठवडे आधी हातात येतं? पैशाचंही बघायला हवं. इंग्लंडमध्ये पात्र विद्यार्थ्यांना एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून वर्षाला ५,००० पौंड मिळतात, ते परत करायचे नसतात. पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर आणखी २,०००. पण डिपेंडंट व्हिसावर असाल तर हे सहसा मिळत नाही. हिने आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळेपर्यंत वाट पाहिली ती त्यासाठीच.

आणि भारतातून विचारणाऱ्या नणंदा-जावांसाठी एक सांगून ठेवते. तिकडे ‘घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग’ विकणारे एजंट आहेत. बारावीनंतर थेट दूरशिक्षणाने नर्स होण्याला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता नाही. इग्नूने दूरशिक्षणाने चालवलेलं पोस्ट बेसिक बी.एस्सी. हे जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका होऊन नोंदणी झालेल्या, नोकरीतल्या परिचारिकांसाठी आहे, आणि त्यातही प्रात्यक्षिकांना हजर राहावंच लागतं. पैसे भरण्याआधी कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव शोधा.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. परत आलेला निबंध पुन्हा लिहून पास झाला, काठावर. सासूबाई भारतात परतल्या, त्यामुळे शाळेतून मुलांना आणायचा प्रश्न नव्याने उभा राहिलाय. परवा तिचा मेसेज आला: पुढच्या प्लेसमेंटला रात्रपाळ्या आहेत, मुलं लहान आहेत असं सांगून टाळता येतील का? मी लिहिलं, सरसकट नाही टाळता येणार. नर्सच्या सगळ्या वेळांचा अनुभव विद्यार्थ्यांना मिळालाच पाहिजे असा एनएमसीचा नियम आहे. पण सलग किती रात्री, कोणत्या वारी, हे आधी बोलून ठरवता येतं. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक लागायच्या आत वॉर्ड मॅनेजरला लिही, आणि त्या रात्रींनंतरच्या सकाळी मुलांना शाळेत कोण सोडणार ते नवऱ्याच्या कॅलेंडरवर आजच टाक.