जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर: नाव सोडा, आधी नंबर बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: फोंडा तालुक्यातल्या तुमच्या गावी जत्रेला होणाऱ्या नाटकांची जुनी हँडबिलं स्कॅन करून ठेवायची आहेत. घरात कॅननचा लाइड २० स्कॅनर आहे, त्याची सीडी हरवली आहे आणि विंडोज ११ चा नवा लॅपटॉप त्याला दाद देत नाही. तर ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर आणि विंडोज यांची बोलणी जुळवणारं सॉफ्टवेअर, कुठे मिळेल?

मॉडेलचं नाव टाकून शोधलं की डाउनलोडची जी मोठी हिरवी बटणं समोर येतात, त्यांना हात लावू नका. 'तुमचे ड्रायव्हर जुने झालेत' असं सांगणारी सॉफ्टवेअर तुमचा स्कॅनर जोडलेला नसतानाही तेच सांगतात, वर पैसे मागतात, आणि सोबत काय आणून बसवतील याचा नेम नाही.

खोक्यावरचं नाव दुकानदारासाठी असतं, संगणक आतला आयडी वाचतो. स्कॅनर जोडा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळी खूण असलेल्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीआयडीपुढची (VID) चार अक्षरं कंपनीची, पीआयडीपुढची (PID) चार त्या यंत्राची. तुमच्याकडे ०४ए९ आणि २२०डी दिसायला हवं. कॅननच्या एन६७०यू या स्कॅनरचाही आयडी नेमका हाच आहे, म्हणजे त्या नावाखाली सापडलेली माहितीही तुमच्या कामाची. संगणकाच्या आत बसवलेल्या पीसीआय कार्डांना असेच व्हीईएन (कंपनी) आणि डीईव्ही (यंत्र) असतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. ज्या कार्डावर काहीच छापलेलं नाही, तेही असं सापडतं.

मात्र तिथे व्हीआयडी ०००० आणि पीआयडी ०००२ दिसलं, तर ड्रायव्हरच्या मागे लागूच नका. स्कॅनरला स्वतःची ओळखच सांगता येत नाहीये, त्यामुळे कुठलाही ड्रायव्हर घातला तरी व्यर्थ. आपल्याकडे हे बरंच बघायला मिळतं. चार महिने पावसाची ओल, त्यात खारी हवा, यूएसबीच्या पिनांवर हिरवट थर चढतो. केबल बदलून बघा आणि हब न वापरता थेट लॅपटॉपला जोडा, कारण हा स्कॅनर वीजही यूएसबीतूनच घेतो. तळाशी कुलपाची खूण असलेली खिट्टी असते, ती उघडी आहे ना तेही बघा. ती बंद असेल तर आतला दांडा हलत नाही आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो.

नंबर बरोबर आला तरी विंडोज ११ वर पुढे भिंत आहे. या स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या काळातला, ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा, चढत नाही म्हणजे नाहीच. कंपॅटिबिलिटी मोड जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी असतो, तो इथे कामाचा नाही. ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने सही नसलेला ६४ बिटचा ड्रायव्हर चालू शकेल, पण ३२ बिटचा काही ६४ बिटचा होत नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत ड्रायव्हर शोधण्यापेक्षा या स्कॅनरला आधीच ओळखणारी सिस्टिम शोधलेली बरी. ती म्हणजे लिनक्स. तिथे स्कॅनरसाठी सेन नावाचा मुक्त प्रकल्प आहे आणि त्याच्या प्लसटेक या भागात लाइड २० आहे. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि लाइव्ह मोडमध्येच स्कॅनिंगचा प्रोग्रॅम उघडा. इन्स्टॉल काही करायचं नाही. फक्त स्कॅन केलेल्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाका, कारण लाइव्ह मोडमधलं सगळं बंद करताच पुसलं जातं. बायॉसमधलं सिक्युअर बूट उगाच बंद करू नका, नाहीतर विंडोजमध्ये परतल्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, रिकव्हरी की मागेल आणि ती कुठे ठेवली हे ऐन वेळी आठवत नाही.

विंडोज सोडायचंच नसेल तर व्ह्यूस्कॅन हा स्कॅनिंगचा प्रोग्रॅम आहे. पैसे पडतात, पण त्यात जुन्या स्कॅनरांचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत. फुकट आवृत्ती स्कॅनवर खुणा उमटवते, तरी विकत घेण्याआधी स्कॅनर चालतो की नाही एवढं त्यात कळतं. किंवा माळ्यावर बघा. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत मुलांना मिळालेले संगणक गोव्यातल्या कितीतरी घरांत अजून पडून आहेत. एक्सपीचा असा एखादा चालू असेल तर तो या कामाला द्या. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ लाच संपलं आहे, म्हणून त्याला इंटरनेट मात्र लावू नका.

ज्यांचं यंत्र इतकं जुनं नाही, त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये हार्डवेअर आयडी टाकून शोधावं. कंपनीने पान काढून टाकलं असेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर जुना पत्ता टाकून बघावा, कधी कधी फाइलही जपलेली असते. आणि नवा ड्रायव्हर नेहमी चांगलाच असतो असं नाही. वजनकाटा किंवा बिलाचं यंत्र जोडायच्या यूएसबी-सीरियल केबलमध्ये प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप असेल, तर नवा ड्रायव्हर ती २०१२ पासून बंद झाल्याचं सांगून हात वर करतो. जुन्या आवृत्तीवर तीच केबल मुकाट्याने चालते.

चालू झाल्यावर हँडबिलांसाठी ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे, बारीक टाइप किंवा फोटो असेल तर ६००. या स्कॅनरची आडवी क्षमता ६०० चीच आहे, त्यापुढचे आकडे निवडले तर फाइल फुगते आणि तपशील तेवढाच राहतो. याचा सेन्सर काचेला अगदी लागून असतो, त्यामुळे घडीवर उचललेला कागद तेवढ्या पट्टीत धूसर येतो. झाकणावर एखादं जाड पुस्तक ठेवा, पण काचेवर थेट जोर देऊ नका. ओल लागलेले कागद आधी दोन-तीन दिवस वर्तमानपत्रात दाबून ठेवा, नाहीतर बुरशी काचेला चिकटते.