अॅम्ब्युलन्सवर विद्यार्थी म्हणून पहिल्यांदाच ड्युटीला जाणार आहे. काय वाचून जाऊ?

वाचायचं ते परीक्षेसाठी वाचून झालंय. आता पुस्तक मिटा आणि ड्युटीच्या अर्धा तास आधी गाडीपाशी पोचा. क्रूला विचारून एकेक कप्पा स्वतःच्या हाताने उघडा. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठे आहे, त्याची चावी कुठे अडकवलीय, अम्बू बॅगचा (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लहान मुलांचा मास्क कशाखाली दडलाय, सगळं बघा.

एवढं ठासून सांगतोय, कारण विद्यार्थी असताना याच गोष्टीवरून सिनियरने मला सगळ्यांसमोर झापलं होतं. "शिकायला आलायस ना? मग कोपऱ्यात बस आणि बघ. गाडी तपासणं तुझं काम नाही." मी तेव्हा सक्शन मशीन, म्हणजे तोंडा-घशातली उलटी, रक्त ओढून घेणारं यंत्र, चालू करून, नळी मुडपून धरून, ओढ दाखवणारा काटा ३०० mmHg च्या वर जातोय का ते बघत होतो. तो निम्म्यावरच अडकत होता. बाटलीचं झाकण तिरकं बसलं होतं. ते नीट बसवलं, काटा चढला. सांगायला गेलो, तर ऐकूनही घेतलं नाही.

त्याच दुपारी जिन्यावरून पडलेला, शुद्ध हरपलेला एक पेशंट घेऊन निघालो आणि त्याला उलटी झाली. मान जपत सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवलं, तरी तोंड भरलेलंच. सिनियरने मागे न बघताच हात पुढे केला. मी त्या हातात सक्शनची नळी दिली, मशीन चालू करूनच. घशातली घरघर थांबली. त्या झाकणाबद्दल त्यांनी नंतरही अवाक्षर काढलं नाही. विद्यार्थ्याने फक्त बघावं म्हणणारे आजही भेटतात आणि माझं डोकं फिरतं. तेवढ्याशा गाडीत नुसता बघत बसलेला माणूस ही अडचणच असते.

दुसरं, श्वास मोजायला शिका. नाडी मशीन दाखवतं, श्वास मात्र बरेच जण अंदाजे १६ किंवा १८ लिहून मोकळे होतात. नाडी बघतोय असं मनगट धरा, नजर छातीवर ठेवा, ३० सेकंद मोजून दुप्पट करा. लय बिघडलेली असेल तर पूर्ण मिनिट. मोठ्या माणसाचा आकडा १२ ते २० च्या बाहेर गेला की लगेच मोठ्याने सांगा. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबताना, दाबणारा दर २ मिनिटांनी बदलतो, तेव्हा तुमचाही नंबर लागू शकतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबणं, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, हे हातात बसलेलं हवं.

हां, कॉलेजने जेवढी परवानगी दिलीय त्यापलीकडे पेशंटला हात लावू नका, आणि फोटो तर अजिबात नाही. आडव्या सीटवर गाडी लागते, थोडं खाऊन जा, पट्टा लावा. कोणी कोपऱ्यात बसवलंच तर पेशंटसमोर वाद घालू नका. गाडी रिकामी झाली की "सक्शन तपासू का?" एवढंच विचारा. नको म्हणाले तर का नको तेही विचारा. मला पटेल असं कारण अजून कोणी दिलेलं नाही.