वाचकांचे प्रश्न : एकाच घरातले दोन मधुमेही

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब तासगाव तालुक्यात राहते आणि घरची द्राक्षबाग आहे. माझ्या यजमानांना (वय ५२) चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.६ होती. मेटफॉर्मिनची गोळी, रोजचे चालणे आणि रात्रीचा भात बंद, एवढ्यावर त्यांचे वजन नऊ किलोंनी उतरले आणि सरासरी ६.३ वर आली. ‘पथ्याने साखर आटोक्यात आली, आता गोळी कशाला’ असे म्हणून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी गोळी परस्पर बंद केली. गोळ्यांनी किडनी जाते, असेही ते म्हणतात. उलट माझे मोठे दीर (वय ५८) दोन गोळ्या अगदी नेमाने घेतात, पण पथ्य पाळत नाहीत; लग्नकार्याला जायचे असले की दुसरी गोळी अर्धी जादा घेतात आणि जिलेबी खातात. कोणाचे बरोबर आहे?
– एक वाचक भगिनी, जि. सांगली

उत्तर : आपल्या यजमानांनी नऊ किलो वजन उतरवले, ही सोपी गोष्ट नाही आणि तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र ६.३ हा आकडा पथ्य, चालणे आणि गोळी या तिघांनी मिळून आणलेला आहे, आणि त्यातला गोळीचा वाटा किती होता हे ती बंद केल्यानंतरच्या तपासणीशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. ही तपासणीही योग्य वेळी व्हायला हवी. रक्तातील साखर तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात; त्यामुळे आज रक्त दिले तर गोळी चालू असतानाच्या दिवसांची थोडी छाया अहवालावर राहील आणि आकडा असावा त्यापेक्षा बरा दिसेल. पूर्ण तीन महिने झाल्यावर ही तपासणी करावी, आणि तोवर आठवड्यातून दोन-तीनदा उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून ती लिहून ठेवावी. उपाशीपोटीची साखर १३०च्या पुढे किंवा जेवणानंतरची १८०च्या पुढे वारंवार जाऊ लागली, तर तीन महिने पुरे होण्याची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांकडे जावे.

गोळी सुटूच शकत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वजन उतरवण्याचा काटेकोर कार्यक्रम पाळलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांची साखर वर्षभरानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती, आणि ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. पण ते सगळे मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले रुग्ण होते, त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हे प्रमाण निम्म्यावरून सुमारे ३६ टक्क्यांवर आले. आपल्या यजमानांना चारच वर्षे झाली आहेत, म्हणजे त्यांना संधी आहे. माझा आक्षेप त्यांनी गोळी थांबवली याला नसून कोणाला न सांगता थांबवली याला आहे.

किडनीविषयीची भीती गावोगाव ऐकू येते आणि ती कशातून आली हे समजण्यासारखे आहे. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. ती कमजोर झाली की मेटफॉर्मिन शरीरातून नीट बाहेर पडत नाही, म्हणून डॉक्टर तिचा डोस कमी करतात किंवा ती बंद करतात. पाहणाऱ्याला एवढेच दिसते की किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी गोळी काढली. मग दोष गोळीच्या माथी बसतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ते तपासून घेता येते.

मला खरी काळजी आपल्या दिरांची वाटते. त्यांची दुसरी गोळी कोणती, हे तिच्या पाकिटावर पाहा. ती ग्लिमेपिराइड असण्याची शक्यता बरीच आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन, म्हणजे रक्तातील साखर उतरवणारे संप्रेरक, सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. जिलेबीने चढलेली साखर दोन-तीन तासांत उतरू लागते, पण जादा घेतलेल्या अर्ध्या गोळीचा परिणाम पुढे दिवसभर रेंगाळतो, आणि लग्नाहून परतल्यावर ‘आज पोट भरलेले आहे’ म्हणून रात्री न जेवता झोपलेल्या माणसाची साखर पहाटे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. छाटणीच्या दिवसांत सकाळची गोळी घेऊन बागेत गेलेल्या आणि दुपारची भाकरी तीन वाजेपर्यंत लांबवणाऱ्या माणसालाही हाच धोका असतो. एकाएकी दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी आणि उगीचच चिडचिड अशी लक्षणे दिसली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि बरे वाटल्यावर जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

कोणाचे बरोबर, असे आपण विचारले आहे. पथ्य केले की गोळी नको आणि गोळी घेतली की पथ्य नको, हा दोघांचाही हिशेब एकच आहे आणि तो चुकीचा आहे. स्वयंपाक तर दोघांचा एकाच चुलीवर होतो, तेव्हा दोन शब्द त्याविषयी. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही पिष्टच आहे. ‘ज्वारी चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. गूळ आणि काकवी यांना साखरेहून वेगळे समजू नये. आपल्या भागात येता-जाता मूठभर बेदाणे तोंडात टाकण्याची सवय असते, आणि बेदाण्यात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास साखर असते. शेतात राबतो म्हणजे व्यायाम होतोच, असेही आता म्हणवत नाही, कारण फवारणी ट्रॅक्टरवर आणि बागेकडे जाणे-येणे मोटारसायकलवर होते.

प्रश्न : आईला (वय ६७) डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले आहे. एकदा सुरू झाले की सुटत नाही, म्हणून ती नको म्हणते. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, हा समज जुना आणि चिवट आहे. टाइप १ मधुमेहात, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, इन्सुलिन कधीच थांबवता येत नाही. टाइप २ मध्ये, म्हणजे मोठ्या वयात सहसा आढळणाऱ्या प्रकारात, मात्र जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा फार चढलेली साखर यांसाठी ते काही काळ देऊन पुढे बंद करता येते. कधी ते कायमचे लागते, पण त्याचे कारण स्वादुपिंडाची क्षमता संपत आलेली असते, इन्सुलिनची सवय लागलेली नसते. आईंचे इन्सुलिन यांपैकी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना त्यांच्या समोरच विचारा. सुरू केलेत तर न उघडलेल्या कुप्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, आणि उन्हाळ्यात औषधाच्या दुकानातून कुपी आणताना ती गाडीच्या डिकीत तापू देऊ नये.