जंगलातला पहिला कोस्टर करताना

प्लॅनेट कोस्टर या थीम पार्क बांधायच्या गेममधला तुझा जंगलातल्या रोलर कोस्टरचा आराखडा नीट पाहिला. मेहनत दिसते, पण पहिला उतार फार उंच घेतलायस. फॅमिली कोस्टरमध्ये आजी आणि सात वर्षांची नात शेजारी बसणार, हे आधी पक्कं कर. उंची कमी कर, थरार जंगलातून काढ.

१९९४ चा 'डाँकी काँग कंट्री' हा व्हिडिओ गेम आठव. त्यातली खाणगाडी म्हटली की तुटक्या रुळावरून मारलेली उडी डोळ्यांसमोर येते. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर राइड सुरू झाली. वरचे मोडके रूळ नुसता देखावा. गाडी खाली लपवलेल्या खऱ्या ट्रॅकला आर्मने जोडलेली असते, त्यामुळे फार वेग नसतानाही ती खरोखर उडी मारतेय असं वाटतं. मला ही युक्ती फार म्हणजे फार आवडते.

प्लॅनेट कोस्टरमध्ये तू सोपं कर: तुटका रूळ अगदी समोर दिसू दे आणि खरा ट्रॅक शेवटच्या क्षणी वेलींखालून डावीकडे वळव. वळणाला कल दे. माझ्या पहिल्या कोस्टरची वळणं सपाट होती, गेम दाखवतो तो मळमळीचा आकडा चढला आणि रांग रिकामी झाली.

झाडं मात्र शेवटी लाव. आधी राइड कॅमेऱ्यातून पुढच्या सीटवरून पूर्ण फेरी मार. केळीचं पान तोंडासमोरून सर्रकन गेलं पाहिजे, पण गाडीला लागता कामा नये. दुरुस्त करून पुन्हा दाखव, मी नक्की बघतो.